भाव कोसळतांना

शेअरबाजार कोसळत असतां मन शांत कसें ठेवावें, या विषयावर बोलण्यास मला आज पाचारण केलें आहे. हा मान ज्याचें मन कधींच ढळलें नाहीं अशा एखाद्या धीरगंभीर पुरुषास मिळावयास हवा होता. माझें मन चांगलेंच ढळलें होतें, आणि कोठें ढळलें तें ठिकाणही मला नक्की ठाऊक आहे : आंबेगांव तालुक्यांतील पारगांव, आमच्या घराची ओसरी, सोमवार, २३ मार्च २०२०.

साथीची धास्ती वाढूं लागली तसा मी पुण्याहून गांवीं आलों होतों. धंदा म्हणाल तर ऑप्शनचा. हातांत मोबाईल असला म्हणजे तो कोठूनही करतां येतो. ज्यांना हा व्यवहार परिचित नाहीं त्यांच्यासाठीं आमच्याकडचेंच उदाहरण देतों. समजा, मंचरच्या बाजारांत कांदा आज किलोला वीस रुपये आहे. एक बागाईतदार मला म्हणतो, "महिनाअखेर मला वाटलें तर माझा कांदा तुम्ही पंधरा रुपयांनीं घ्यायचा, या वचनाबद्दल हा विसार घ्या." भाव विसावर राहिला तर तो माझ्याकडे फिरकणारही नाहीं, आणि विसार मला पचला. भाव पांचावर आला तर मात्र त्याचा कांदा मला पंधरानेंच घेतला पाहिजे. विसार देणाऱ्याचें नुकसान विसाराइतकेंच. घेणाऱ्याचें किती, तें त्या दिवसाचा बाजार ठरविणार. मुंबईच्या कापूसबाजारांत याच जातीच्या सौद्यांना तेजी-मंदी म्हणत. १९३९ मध्यें मुंबई इलाख्यांत कापसाच्या अशा सौद्यांवर कायद्यानें बंदी आली. रोख्यांतील ऑप्शनना १९५६ च्या कायद्यानें मज्जाव केला. तो पुढें उठला, आणि जून २००१ पासून निर्देशांकावरील ऑप्शन उघडपणें सुरू झाले.

मी विसार घेणाऱ्यांपैकीं होतों. अशा माणसाचे बहुतेक महिने सुखाचे जातात, आणि सुखाच्या महिन्यांत आपण शहाणे आहोंत असें त्याला वाटूं लागतें. (मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत या बाजारांतील शंभरांपैकीं त्र्याण्णव वैयक्तिक व्यापारी तोट्यांत गेले, असें सेबीच्या पाहणींत निघालें. उरलेल्या सातांत आपणच आहोंत अशी प्रत्येकाची खात्री असते.) १३ मार्चला, शुक्रवारीं, बाजार उघडतांच निर्देशांक दहा टक्के घसरले व पाऊण तास व्यवहार थांबले. मी हललों नाहीं. मग पारडें असें फिरलें कीं सेन्सेक्स आदल्या दिवसाहून १,३२५ अंश वर बंद झाला. मीं स्वतःस स्थितप्रज्ञ ठरविलें, आणि त्याच भरांत, निफ्टी दहा हजारांच्या आसपास असतां, ८,५०० च्या पातळीचे चार लॉट विकले. लॉट पंच्याहत्तरांचा, विसार नगामागें १२० रुपये; म्हणजे एकंदर ३६,००० रुपये हातीं आले. मुदत २६ मार्चची.

तेवीस तारखेस पुन्हा दहा टक्के घसरण झाली, पुन्हा पाऊण तास बाजार थांबला. शुक्रवारच्या अनुभवानें मी निर्धास्त होतों. परंतु व्यवहार सुरू झाले आणि घसरण पुढें चालूच राहिली. दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३४ अंशांनीं, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक, खालीं आला. निफ्टी ७,६१० वर थांबला. अशा दिवशीं ऑप्शनची किंमत केवळ भावाच्या उतारानें चढत नाहीं, लोकांच्या भीतीनेंही चढते. त्या भीतीचें माप म्हणून जो आंकडा धरतात, तो दुसऱ्या दिवशीं ८० च्या वर गेला होता.

काका अंगणांत कांदा निवडीत बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय रे, कुणी गेलं का?"

मीं सर्व सांगितलें. तें त्यांनीं शांतपणें ऐकलें व विचारलें, "अंगावर किती घेतलं होतंस?"

मी आंकडा सांगूं लागलों, तों दलालाचा निरोप आला. ठेवलेली अनामत संपली होती, आणि नियमाप्रमाणें माझे चारही लॉट नगामागें सुमारें साडेनऊशें रुपयांनीं परत घेऊन सौदा मिटविण्यांत आला होता. ३६,००० घेतले होते. २,८५,००० द्यावे लागले.

खरी गंमत पुढेंच आहे. गुरुवारीं, २६ मार्चला, मुदतीच्या दिवशीं निफ्टी ८,६४१ वर बंद झाला. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता! सौदा टिकला असता तर विसार संपूर्ण माझा होता. तीन दिवस टिकण्यास जें लागत होतें तें धैर्य नव्हे, अनामत होती. आणि ती किती पुरेल हें मीं तेरा तारखेला, चार हा आंकडा टाईप करतांना, ठरवून टाकलें होतें.

मुंबईनें हें फार मोठ्या प्रमाणावर भोगलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा पैसा शहरांत लोटला, आणि १ जुलै १८६५ या एकाच तारखेचे असंख्य वायदे लोकांनीं करून ठेवले. युद्ध संपल्याची वार्ता आली, भाव कोसळले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. ज्यांच्या मातोश्रींच्या नांवानें राजाबाई टॉवर उभा आहे ते प्रेमचंद रायचंद बाजाराचे सम्राट् म्हणून ओळखले जात. त्यांचेंही दिवाळें निघालें. त्या दिवशीं कोणी कितीही प्राणायाम केला असता तरी महिनोन् महिने आधीं तोंडून गेलेला शब्द परत येणार नव्हता.

काकांनीं मात्र त्या सोमवारीं कांदा निवडणें थांबविलें नाहीं. बियाणें, खत आणि सोसायटीचें कर्ज फिटेल इतका माल विकायचा व उरलेला बराखींत भरायचा, ही त्यांची जुनी रीत. तो सडला तर कांद्याचें शून्य होतें. शून्याखालीं कांही जात नाहीं.

मीं धंदा सोडला नाहीं. आतां जेथें विसार घेतों तेथेंच त्याहून खालच्या पातळीचा विसार देऊनही ठेवतों. मिळकत निम्मी होते, ती कधीं कधीं खुपतेही. ४ जून २०२४ रोजीं, मतमोजणीच्या दिवशीं, सेन्सेक्स ४,३८९ अंश पडला. मी पारगांवींच होतों. जास्तींत जास्त किती जाईल तो आंकडा आदल्या रात्रीं वहींत लिहून ठेवला होता, आणि तेवढेच गेले. दुपारीं जेवून झोपलों. जाग आली ती काकांच्या हांकेनें. पश्चिमेकडे आभाळ भरून आलें होतें आणि बराखीवर पाचट टाकावयाचें राहिलें होतें.