तलाव तलाव का राहतो?



मी कॉलेजात शिकलेला मनुष्य नव्हे. विडीकामगारांची संघटना बांधणे हा माझा उद्योग. वनस्पतिशास्त्र वाचले ते रात्री, मागून आणलेल्या पुस्तकांतून. तरी हा विषय मी घेतला, कारण भंडाऱ्याच्या माणसाला तो तलावाच्या पाळीवर उभा राहूनच शिकता येतो.

मोकळ्या जागी झाडोरा एकदम उभा राहत नाही. तो क्रमाक्रमाने येतो. पहिली पिढी दुसरीसाठी जागा तयार करते आणि पुष्कळदा त्यातच स्वतः हटते. याला शास्त्रज्ञ अनुक्रमण म्हणतात. अमेरिकेत हेन्री कौल्स यांनी १८९९ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर हा क्रम दाखवला: काठच्या नव्या वाळूत गवत, आतल्या जुन्या टेकड्यांवर वन. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली सिद्धांत मांडला की, वनस्पतींचा समुदाय एखाद्या जिवासारखा वाढून ठराविक शेवटाला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली हरकत घेतली: प्रत्येक जात आपापल्या परीने येते, शेवट ठरलेला नसतो.

आता आपला तलाव पाहा. खोल पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती मेल्या की तळाशी बसतात. त्यांत शेतातली माती मिसळते. पाणी उथळ झाले की कमळ येते; आणखी उथळ झाले की लव्हाळा आणि पाणकणीस; मग गवत, आणि शेवटी बाभूळ. सोडून दिलेला उथळ तलाव हळूहळू माळरान होतो.

मग कोहळ्यांनी बांधलेले आपले तलाव शतकांनंतरही टिकले कसे? उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकणारे हात होते म्हणून. निसर्ग पुढे ढकलीत होता, श्रम मागे ओढीत होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. पण तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढण्याची गावची व्यवस्था ठिकठिकाणी मोडली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमने काठ बळकावला. गुरे तिला तोंड लावीत नाहीत. तोडलेला तुकडाही ओलीत रुजतो. देशी वनस्पती हटल्या, मासोळीची अंडी घालण्याची जागा गेली, आणि ढिवराची चूल थंडावली.

यावर उपायही येथेच निघाला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोसायट्यांना हाताशी धरून भंडारा-गोंदियातील काही तलावांतून बेशरम काढली, तळ नांगरला आणि देशी वनस्पती लावल्या. कोणत्या मासोळीला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान ढिवरांचेच होते.

२०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत यंत्रे गाळ काढतात. गाळ निघावाच. परंतु उघडा तळ आणि उघडा काठ म्हणजे पहिल्या येणाऱ्याला आमंत्रण, आणि तो पहिला बहुधा बेशरमच असतो. म्हणून माझे मागणे एवढेच: गाळ काढण्याच्या प्रत्येक कामात देशी वनस्पतींची लागवड आणि पुढील वर्षांची निंदणी धरावी, ते काम त्याच तलावावर जगणाऱ्या ढिवर स्त्रीपुरुषांना द्यावे, आणि त्याची पुरी मजुरी द्यावी. तलाव श्रमाने तलाव राहतो. त्या श्रमाचे मोल चुकवणे हे आपणा सर्वांचे देणे आहे.