लहरी कोणासाठी राखायच्या?

मोबाइलच्या प्रत्येक मनोऱ्याजवळ वाहिन्या मोजक्याच असतात. कुपवाडहून मिरजेकडे जाणाऱ्याचे चालू संभाषण पुढच्या मनोऱ्याच्या हद्दीत तुटू नये, म्हणून तेथे काही वाहिन्या राखून ठेवता येतात. पण तेवढ्या प्रमाणात नव्याने फोन लावणाऱ्यास नकार मिळतो. म्हणजे हा प्रश्न तंत्राइतकाच वाटपाचाही आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. आता फाइव्ह-जीमध्ये एकाच जाळ्याचे हिस्से पाडून प्रत्येकाला निराळा दर्जा देता येतो. २०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगी मदतीच्या हाकेसाठी हिस्सा अवश्य राखावा. मात्र तो पैसेवाल्यासाठी राखला, तर औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या वाट्याला उरलेसुरलेच येईल. अग्रक्रम गरजेने ठरावा, ऐपतीने नव्हे!