गड पुरातत्त्वाचा, पिंपळ वनखात्याचा

घाटाची वळणं सोसून आलेल्या मित्रहो,

हातातली कॉफी इथल्याच, चिखलदऱ्याच्या मातीतली आहे. ती गार व्हायच्या आत मी आटोपतो. या शब्दावर माझ्या घरच्यांचा मात्र विश्वास नाही.

समोरचा गाविलगड आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं डोंगरातून वाट काढत तोफा गडाच्या उत्तरेकडे ओढत आणल्या. दोन दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. तोफांचा मारा तेव्हाच थांबला. पिंपळाची मुळी मात्र दर पावसाळ्यात तटाच्या सांध्यात आणखी थोडी शिरते.

ती उपटायची कोणी? १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत गडाभोवतीचं मेळघाट होतं. तटाला १९५८चा पुरातत्त्व कायदा, रानाला १९७२चा वन्यजीव कायदा. दोन्ही हवेतच, पण एका खात्याची परवानगी येईपर्यंत दुसऱ्याचा हंगाम सरतो. पावसाळ्यात चुन्याचं काम होत नाही, उन्हाळ्यात वणव्याची धास्ती. मधल्या थोड्या महिन्यांत चुना मुरवायचा, दर्जा भरायच्या, वर पाणी मारत राहायचं. मग घाईत कोणीतरी सिमेंट सुचवतं. सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारचा जुना दगडच फुटू लागतो.

गडावरच्या तळ्यांचा प्रश्न अधिक अवघड. अभ्यासकांना गाळ काढून बांधणी पाहायची असते, आणि एप्रिलात जनावरांना उरलेलं तेवढंच पाणी. माझ्या मते तळं कधीच पूर्ण उपसू नये. एका बाजूनं, थोडं थोडं काढावं. परांची बांधण्याआधी जनावर कुठून पाण्यावर येतं, हे इथल्या कोरकू आदिवासी मंडळींना विचारावं. त्यांना निव्वळ रोजंदारीवर बोलावून भागणार नाही, नियोजनाच्या बैठकीतही खुर्ची द्यावी.

सामान नेण्यासाठी रानातून पक्का रस्ता काढा, असंही कोणी म्हणेल. परिषदेच्या स्वागताध्यक्षानं पाहुण्यांशी वाद घालू नये, तरी सांगतो, माझा विरोध आहे. पडलेले वाडे नव्यानं उभारण्यालाही. उभी असलेली भिंत सावरा, एवढंच मागणं.

उद्या गडावर जाताना खाण्याचे डबे इथंच ठेवा, आणि वनरक्षक म्हणतील तेव्हा निमूट परत फिरा. आज दुपारी झुणका-भाकर आहे. ठेचा जपून घ्या.