सावकार, ज्यू आणि भांडवल

(कोल्हापूर येथील अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांचा हा आरंभ आपण अभिमानाने सांगतो. मीही वर्गात तसाच शिकवीत असे. पण चौकशी आयोगाची एक नोंद आपण सहसा वाचून दाखवीत नाही. रोष जवळजवळ सर्वस्वी मारवाडी व गुजर सावकारांवर होता. तोच धंदा करणाऱ्या ब्राह्मणादी स्थानिक सावकारांना बहुधा कोणी हात लावला नाही. सारा वाढविणारे सरकार तर दूरच राहिले.

जर्मनीचा इतिहास वाचताना मला सुपे आठवते. तेथे जमीन आणि कारागिरांचे संघ शतकानुशतके ज्यूंना बंद होते. उरला व्यापार आणि व्याजबट्टा. (आपल्या कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेले. व्याज रक्तात नसते.) हेस प्रांतातील कर्जबाजारी शेतकऱ्यांना ओटो ब्योकेल याने जमीनदार आणि ज्यू असे दोन शत्रू दाखविले, ज्यूंविना गुरांचे बाजार भरविले आणि १८८७ साली तो संसदेत गेला. त्याची भाषा पुष्कळशी आपल्यासारखीच होती, हे कबूल केले पाहिजे.

१८९३ च्या कलोन अधिवेशनात बेबेल यांनी ज्यूद्वेषाचा स्पष्ट निषेध केला. मात्र हे नाडलेले लोक पुढेमागे सर्वच भांडवलदारांना ओळखतील आणि आपल्याकडे येतील, असा पक्षाचा हिशेब होता. तो चुकला. १९२३ मध्ये साम्यवादी नेत्या रूथ फिशर यांनी राष्ट्रवादी विद्यार्थ्यांपुढे ज्यू भांडवलदारांना दिव्याच्या खांबाला लटकविण्याची भाषा केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. इतर भांडवलदारांचे काय, हा प्रश्न त्यांनी मागाहून विचारला. त्यांचे स्वतःचे वडील ज्यू होते! श्रोत्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा घरी नेला असणार.

नाझींना दुसऱ्या भागाची गरजच नव्हती. त्यांच्या गोटफ्रीड फेडरने भांडवलाची ‘निर्माते’ आणि ‘ओरबाडणारे’ अशी फाळणी केली. पहिले जर्मन, दुसरे ज्यू. अर्थशास्त्रात या फाळणीला आधार नाही. बँक आणि कारखाना यांचा नफा एकमेकांत गुंतलेला असतो. पण तिचा उपयोग झाला. १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. १ मे रोजी कामगारांना पगारी सुटी मिळाली. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना अटक झाली. क्रुपचे कारखाने क्रुपकडेच राहिले.