बीटामॅक्स हरलं ते चित्रामुळे नव्हे



संयोजकांनी विषय दिला होता 'तंत्रज्ञानातली स्पर्धा'. तासाभरात तो पेलणारा नाही, म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरणार आहे. घरी सिनेमा बघायची साधनं एकामागून एक आली आणि गेली, ती का गेली, एवढाच.

यातली बीटामॅक्सची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चित्र बीटामॅक्सचं सरस होतं, तरी जिंकलं व्हीएचएस. म्हणजे बाजारात चांगल्याला किंमत नाही! व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट मोठ्या हौसेनं सांगतात. ती निम्मीच खरी आहे.

सोनीनं बीटामॅक्स आणलं १९७५ साली. कॅसेट आटोपशीर, चित्र स्वच्छ, पण मावायचा जेमतेम एक तास. सोनीच्या अकिओ मोरितांच्या डोळ्यांपुढे होता टीव्हीवरचा कार्यक्रम: आपण घरी नसताना तो मुद्रित व्हावा आणि सवडीनं बघता यावा. त्या हिशेबानं तास पुरेसा होता. पण लोकांना घरी बघायचा होता सिनेमा, आणि तो तासात संपत नाही. पुढच्याच वर्षी जेव्हीसीनं व्हीएचएस आणलं. कॅसेट थोडी मोठी, पण मुद्रण दोन तासांचं. मग सोनीनं टेप सावकाश फिरवून दोन तास बसवले. मात्र टेप सावकाश फिरली की चित्र उतरतं. जी काय थोडी आघाडी होती, ती तिथेच गेली. तिकडे अमेरिकेत आरसीए कंपनीला फुटबॉलचा अख्खा सामना मावेल असं यंत्र हवं होतं. व्हीएचएसच्या गोटातल्या मात्सुशिता कंपनीनं १९७७ मध्ये चार तास मुद्रण करणारं व्हीएचएस यंत्र करून दिलं.

आपल्याकडच्या कॅसेटवर 'ई-१८०' असं छापलेलं असायचं, आठवतंय? म्हणजे १८० मिनिटं. अर्धा इंच रुंदीची, अडीचशे मीटरहून लांब टेप त्या काळ्या डबीत गुंडाळलेली असे. सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी सरकणारी. एवढ्या मंद टेपेवर चित्र उमटावं म्हणून हेड बसवलेलं ड्रम तिरकं ठेवून मिनिटाला दीड हजार फेऱ्यांनी गरगर फिरवायचं. त्या ड्रमवर जरा धूळ बसली की पडद्यावर मुंग्या. मग स्पिरिट आणा, कापूस आणा, कुणी तर कोरी करकरीत नोटसुद्धा वापरायचं. पण हे सगळं सोसून एका कॅसेटमध्ये मध्यंतरासकट अख्खा हिंदी पिक्चर बसायचा, आणि गिऱ्हाइकाला त्याचंच महत्त्व होतं.

दुसरं कारण दुकानात होतं. जेव्हीसीनं आपलं तंत्र इतर कंपन्यांना मोकळ्या हातानं दिलं. यंत्रं जास्त, म्हणून भाड्याच्या दुकानात व्हीएचएसच्या कॅसेटी जास्त. कॅसेटी जास्त, म्हणून नवं गिऱ्हाईक यंत्रही तेच घेणार. हे चक्र एकदा फिरलं की चित्राच्या रेषा मोजत कोणी बसत नाही. १९८८ मध्ये खुद्द सोनी व्हीएचएस यंत्रं विकू लागली.

जाता जाता एक गंमत. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी बीटामॅक्सवर खटला भरला होता की हे यंत्र आमचा धंदा बुडवणार. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला. आणि ते दशक सरायच्या आत हॉलिवूडची कॅसेटवरची कमाई थिएटरच्या कमाईच्या पुढे गेली! हरल्याचा एवढा फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि व्हीसीआर दिसू लागला. विकत घेणारे थोडे, भाड्यानं आणणारे अपार. चाळीत सत्यनारायण झाला की रात्री रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर, ओळीनं तीन पिक्चर, तिसऱ्याला निम्मी चाळ झोपलेली. लांब पल्ल्याच्या लक्झरीवर 'व्हिडिओ कोच' अशी पाटी. कॅसेटींच्या नकला इतक्या झाल्या की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा उल्लेख घालावा लागला.

लेसरडिस्क या कॅसेटींच्या स्पर्धेत कुठेच बसली नाही. चित्र झकास, पण तबकडी जेवणाच्या ताटाएवढी, मुद्रण होत नाही आणि मध्येच उठून उलटायची. हौशी संग्राहकांपलीकडे ती फारशी गेली नाही.

आपल्याकडे कॅसेटला मारलं ते डीव्हीडीनं नव्हे, व्हीसीडीनं. चित्र कॅसेटपेक्षा चांगलं नव्हतंच. मारामारीचं दृश्य आलं की पडद्यावर चौकोन नाचायचे. एका तबकडीत ७४ मिनिटं, म्हणजे एका पिक्चरला दोन-तीन तबकड्या. पण रिवाइंड नाही, टेप अडकणं नाही, संगणकावर चालते आणि स्वस्त. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याच्या दुकानाला अर्थच उरला नाही. मराठी नाटकं घरोघरी आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेली, ती याच कमअस्सल तबकडीवरून. मला तिच्याबद्दल आदर आहे.

डीव्हीडीचं भांडण बाजारात येण्याआधीच मिटलं होतं. सोनी-फिलिप्स एकीकडे, तोशिबा आणि साथीदार दुसरीकडे. १९९५ मध्ये संगणक कंपन्यांनी दटावून दोघांना एका तंत्रावर आणलं. पुढच्या पिढीत हा शहाणपणा टिकला नाही. २००६ मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गोटाची ब्लू-रे समोरासमोर आल्या. सोनी या वेळी शिकलेली होती: प्लेस्टेशन-३ मध्ये तिनं ब्लू-रे आतच बसवली, म्हणजे खेळाच्या निमित्तानं यंत्र घरात शिरलं. जानेवारी २००८ मध्ये चित्रपट कंपनी वॉर्नर ब्लू-रेकडे गेली आणि फेब्रुवारीत तोशिबानं माघार घेतली. पण सोनीनं जिंकलेलं मैदान तोवर ओस पडू लागलं होतं. नेटफ्लिक्सनं २००७ मध्येच सिनेमा थेट इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली होती.

माझं मत सांगतो. दर वेळी कमी कटकटीचं साधन जिंकलं. सरस चित्र ही फार तर वरची दक्षिणा. त्याबद्दल मला तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. नव्या साधनावर तेवढंच येतं, जे पुन्हा विकलं जाईल. कॅसेटवर आलेलं सगळं तबकडीवर आलं नाही, तबकडीवरचं सगळं इंटरनेटवर नाही. आणि तुमच्या घरची मुंज, लग्न, आजोबांची पंचाहत्तरी? ती पुन्हा काढायला कोणती कंपनी येणार?

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होत आहेत. आपल्या पावसाळी हवेत टेपेवर बुरशी धरते. तेव्हा माळ्यावरच्या कॅसेटी या सुट्टीत खाली काढा. कॅसेटच्या खिडकीतून टेपेच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. टेप तुटेल आणि हेडही जाईल. ती जाणकाराकडेच द्या. बाकीच्या संगणकावर उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी प्रती ठेवा. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका.