माळ्यावरच्या तबकड्या

श्रोतेहो, 'आज शनिवार' हे बंगाली गाणं तुमच्या घरातल्या तरुण मुलांनी ऐकलेलं असेल. तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल, आणि गाणं तर १९८२ सालचं आहे! एवढी वर्षं ते होतं कुठं?

कोलकात्याच्या रूपा बिस्वास १९८१ मध्ये कॅनडात कॅल्गरीला भावाकडे गेल्या होत्या. तिथं त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, आणि आशिष खान यांनी त्यांना घेऊन तबकडी करायचं मनावर घेतलं. बाबा अल्लाउद्दीन खानांचे नातू, मैहर घराण्याचे सरोदवादक, आणि करायला घेतला डिस्को! तबल्याला प्राणेश खान, गिटारवर कॅल्गरीचे डॉन पोप, जोडीला ड्रम आणि सिंथेसायझर. त्या सिंथेसायझरच्या ठेक्यावर सरोद येतो ना, तो तोंडी लावायला आलेला नाही, बरोबरीनं बोलतो. मला विचाराल तर गाण्याचा खरा जीव तिथं आहे. सगळ्या तबकडीवर मिळून चारच गाणी, कुणालाही कसली घाई नाही.

'डिस्को जॅझ' या नावानं कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीनं ती काढली. पण नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'नं आदल्याच वर्षी देश वेडा केला होता. रूपाताईंची तबकडी खपली नाही. पुढं त्यांच्या घरीही ती अडगळीतच गेली.

आता माझा मुद्दा. कैरीचं लोणचं घातल्या दिवशी कुणी वाढत नाही. मोहरी, मेथी, हिंग आपापल्या जागी वेगळी लागतात. बरणीला दादरा बांधून ती फडताळात ठेवायची आणि मुरू द्यायची. सरोद आणि सिंथेसायझर त्या वर्षी लोकांना असेच वेगवेगळे लागले असणार. पण बरणीच फेकली असती तर? काही लोकांनी ती तबकडी जपली. त्यातल्या कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली आणि जगभरातून लाखो लोकांनी 'आज शनिवार' ऐकलं. रूपाताईंच्या मुलाच्या हाती घरातली जुनी प्रत लागली, त्यानं शोध घेतला, तेव्हा कुठं घरच्यांना हे कळलं! २०१९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं ती तबकडी पुन्हा काढली. सदतीस वर्षांनी.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं. गाणं चांगलं होतं म्हणून ते टिकलं, असं नाही. कुणीतरी तबकडी ठेवली म्हणून टिकलं. आपल्या मुंबईत त्याच १९८२ साली चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तीही तबकडी पडून राहिली. एका परदेशी संग्राहकाला दिल्लीत जुनी प्रत मिळाली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. वेळ संपत आल्याची खूण मला काचेपलीकडून होते आहे.

तेव्हा कामाचं तेवढं सांगते. लोणच्याला ओला चमचा चालत नाही, तबकडीलाही ओल चालत नाही. आपल्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते. तबकड्या एकीवर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हात ठेवाल तर वाकतील. हात लावायचा तो कडेला. कव्हर फाटलं म्हणून टाकून देऊ नका हो, वादकांची नावं तिथंच छापलेली असतात, आणि पुष्कळदा दुसरीकडे कुठंच नसतात.

घर बदलताना, रंग काढताना आपण किती सहज म्हणतो, वाजवायला यंत्रच नाही, देऊन टाका. असं करू नका. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक तबकडीवरचं गायकाचं, वादकांचं, कंपनीचं नाव आणि साल एका वहीत उतरवा. ठेवायला जागा नसेल तर एखाद्या संग्राहकाला किंवा ग्रंथालयाला विचारा. या रविवारी माळा काढाच.