ओर्कांची शिरगणती

ओर्का हा डॉल्फिनच्या कुळातील शिकारी. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळी त्याला वैरी मानीत. मत्स्यालयांसाठी त्याची धरपकड सुरू झाली, तेव्हा समुद्रात ओर्का हजारो असावेत असा समज होता. मोजले मात्र कोणीच नव्हते. १९७१ साली शास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी कोळी, नावाडी व दीपगृहांचे रखवालदार यांच्याकडे सुमारे १५,००० प्रश्नावल्या धाडल्या. जुलैतील एका ठराविक दिवशी दिसतील तेवढे ओर्का त्यांनी नोंदवावयाचे होते. अंदाज निघाला अवघा २०० ते ३५० चा! पुढे पाठीवरील पर आणि त्यामागील करडा डाग यांच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येऊ लागला व या अंदाजाला पुष्टी मिळाली. त्यांपैकी दक्षिणेकडील कळपांत २०२४ च्या गणनेत ७३ ओर्का आढळले.